राघूअण्णांचा रेशिओ

"अक्का, तुमचा संसार चढाचा की सपाटीचा?"

बंगळूरला बसवनगुडीत आम्ही राहायला आलो त्या दिवशी शेजारच्या फाटकात उभ्या असलेल्या गृहस्थांनी मला विचारलेला हा पहिला प्रश्न. ना नाव, ना गाव, ना चहा हवा का म्हणून चौकशी. टेम्पोतनं सामान उतरत होतं आणि मी हातात गॅसची शेगडी धरून उभी. मला वाटलं, ज्योतिषी असतील. मी मूळची बेळगावची, फटकन बोलून मोकळी होणारी. म्हटलं, "सध्या तिसऱ्या मजल्याचा आहे आणि लिफ्ट बंद आहे."

त्यांनी अगदी गंभीरपणे मान हलवली. "मग चढाचा. लो रेशिओ लागणार तुम्हाला. पळायला जाऊ नका, दम जाईल."

हे राघवेंद्रराव. सगळ्या गल्लीचे राघूअण्णा. वीज खात्यातनं रिटायर झालेले, एकटे, पांढरा फुल शर्ट नीट खोचलेला आणि नखांत कायम काळं ग्रीस. घराणं इथलं जुनं. "आम्ही राजांच्या फौजेबरोबर आलो," असं ते सांगतात, जणू कालच घोड्यावरनं उतरलेत. आले ते आले, आणि नंतर गांधीबाजाराच्या पलीकडं फारसे गेलेच नाहीत. मराठी बोलतात, पण त्यात कन्नड इतकं मुरलंय की कुठलं कुठं सुरू होतं ते त्यांचं त्यांनाही कळत नसावं. "स्वल्प थांबा", "सरी अक्का" म्हणजे बरं अक्का, "हौदा?" म्हणजे हो का, आणि सगळ्यावर कडी म्हणजे "आधी रेशिओ!"

रेशिओ म्हणजे काय, हे मला त्यांनी माझ्याच जेवणाच्या टेबलावर शिकवलं. मी शाळेत गणित शिकवते हे कळल्यावर तर मी त्यांच्या तावडीतनं सुटणं शक्यच नव्हतं. एकदा आले, माझी कणकेची परात घेतली, एक आमटीची वाटी घेतली आणि दोन्हींच्या कडा एकमेकींना टेकवून फिरवायला लागले.

"ही परात म्हणजे मागच्या चाकांमधलं मोठं चक्र. ही वाटी म्हणजे त्याला फिरवणारं छोटं चक्र. दोघांची मिळून एक जोडी. आता बघा, परात एकदा फिरायला वाटीला किती फिरावं लागलं? तो रेशिओ. वाटी जास्त फिरली तर गाडी चढ चढणार, पण सपाटीवर इंजिन नुसतं किंचाळणार. वाटी कमी फिरली तर सपाटीवर मजेत पळणार, पण चढ आला की बसली. कळलं?"

"कळलं. परात द्या, पोळ्या व्हायच्यात."

"मग सांगा, कुठली जोडी बसवायची?"

"कुठं जायचंय त्यावर आहे की!"

ह्यावर त्यांनी परात खाली ठेवली आणि निघून गेले. मला तेव्हा वाटलं, माझं उत्तर चुकलं असावं.

ज्या गाडीसाठी हे सगळं चाललं होतं ती त्यांच्या वडिलांची. परसातल्या कौलारू शेडमध्ये असते. काळी, इंग्रजी बनावटीची, स्वातंत्र्याच्याही आधीची. कुठल्या कंपनीची ते मला विचारू नका, एकदा सांगायला लागले की तासभर थांबत नाहीत म्हणून मी कधी विचारलंच नाही. तर ह्या गाडीसाठी त्यांच्याकडं चक्रांच्या दोन जोड्या. एक चढाची, एक सपाटीची. जी गाडीत नसेल ती वडिलांच्या जुन्या धोतरात गुंडाळून देव्हाऱ्याखाली. आयुधपूजेला गाडीसमोर कोहळा फुटायचा, आणि देव्हाऱ्याखालच्या जोडीला वेगळं हळदकुंकू, वेगळं फूल, म्हणजे तिला वाईट वाटायला नको.

वर्षभर हाच खेळ. चढाची काढायची, सपाटीची घालायची. महिन्यानं सपाटीची काढायची, चढाची घालायची. चामराजपेटचा नंजप्पा मेस्त्री येऊन मागचा सगळा ॲक्सल उलगडायचा. चक्रांचा दात दाताला नीट लागतोय की नाही ते बघायला दातांना रंग फासून फिरवायचं असतं. एकदा रंग संपला तर राघूअण्णा माझ्या दारात. "अक्का, स्वल्प कुंकू द्या." मी आपली भक्तिभावानं करंडा दिला. परत आला तो रिकामा, आणि आत तेलाचा वास! नंजप्पा बिचारा दर खेपेला एकच म्हणायचा, "बिडी सार." सोडा आता म्हणून. पण सोडतात ते राघूअण्णा कसले.

माणसंसुद्धा ते ह्याच मापानं मोजत. आमचे हे विम्याचं काम करतात, दिवसभर फोनवर आणि स्कूटरवर. "तुमचे यजमान हाय रेशिओ. पळतात छान, पण घरातलं काम आलं की इंजिन बंद." आता हे खोटं आहे असं मी तरी कुठल्या तोंडानं म्हणू? आमच्या हेडमिस्ट्रेस एकदा घरी आल्या होत्या, त्यांना बघून मला हळूच म्हणाले, "लो. फार लो. आवाज केवढा, आणि जागचं हलत नाही." मला ठसकाच लागला. बाईंनी स्वतः उठून मला पाणी दिलं.

माझी खरी अब्रू गेली ती ट्रायलला. जोडी बदलली की ट्रायल, आणि ट्रायल म्हणजे बसवण्णाच्या देवळाचा चढ. गाडीत वजन पाहिजे म्हणून मागच्या सीटवर नाचणीचं पोतं, आणि पुढच्या सीटवर मी. "तुमचं वजन बरोब्बर आहे अक्का," असं त्यांनी भर फाटकात, चार बायकांसमोर सांगितलं. एकदा सपाटीची जोडी घालून गेलो आणि चढाच्या मध्यावर गाडी हुंदका दिल्यासारखी थांबली. मागं रिक्षा, बस, स्कूटर, सगळे हॉर्नवर हॉर्न. आणि फुटपाथवर माझ्या नववीच्या वर्गातल्या मुली उभ्या. "मिस! मिस!" करून हात हलवताहेत. मी पदर डोक्यावरनं ओढून घेतला तर एक कार्टी म्हणते, "मिस, पुश करू का?" आणि खरंच सगळ्या ढकलायला लागल्या हो! मी आत, पोतं आत, राघूअण्णा आत, आणि मुली बाहेर घामाघूम. सोमवारी वर्गात पाऊल टाकायला मला लाज वाटत होती.

राघूअण्णांना मात्र त्याचं काहीच नव्हतं. "बघितलंत? चढाला ही चालत नाही. बदलायला पाहिजे." आणि चढाची घातली की सपाटीवर किंचाळते म्हणून परत ये रे माझ्या मागल्या.

एकदा तर त्यांनी गल्लीभर मैसूरपाक वाटला. कोइमतूरहून कुणाकडनं तरी जुना ॲक्सल आणला होता. तो किती रेशिओचा आहे ते मोजायला मला बोलावलं. एक चाक जॅकवर उचललं, राघूअण्णांनी ते हातानं एक फेरा फिरवलं आणि मी खाली वाकून वाटीला फिरवणारा मधला दांडा किती फिरतो ते मोजलं. जो आकडा आला तो ऐकून त्यांचे डोळे पाण्यानं भरले. "अक्का, ही गाडी आता विमान होणार." नंजप्पा दुसऱ्या दिवशी आला, मैसूरपाक खाल्ला, आणि शांतपणे म्हणाला, दुसरं चाक जमिनीवर होतं ना सार? मग दांडा निम्माच फिरणार, तुम्ही निम्माच रेशिओ मोजला. झालं! गणिताची बाई म्हणून मी तिथं उभी, आणि राघूअण्णा माझ्याकडं न बघता उरलेला मैसूरपाक डब्यात भरताहेत. आजही तो डबा दिसला की मी दुसरीकडं बघते.

हे असं चाललं होतं. मजेत चाललं होतं, असं मला वाटत होतं.

मग गेल्या माघात एका संध्याकाळी राघूअण्णा दारात आले. हातात मोबाइल, पण कानाला नाही, नुसता तळहातावर धरलेला.

"पद्माचा फोन होता," म्हणाले.

"कोण पद्मा?"

"धाकटी बहीण. मडिकेरीला असते."

इतकी वर्षं शेजार, पण ह्यांना बहीण आहे हे मला ठाऊक नव्हतं. मी त्यांना आत बोलावलं, खुर्ची दिली. ते उभेच राहिले.

"तिच्या मुलीचं लग्न आहे. मुलीला मांडवात आणायला मामा लागतो ना. ये म्हणाली."

"अय्या, मग चांगलंच की! कधी निघताय?"

"जायचंच आहे. पण आधी रेशिओ," राघूअण्णा म्हणाले, आणि त्यांची मान खाली गेली.

झालं, दुसऱ्या दिवसापासनं नंजप्पाचा मुक्काम शेडमध्ये. आणि अडचण काय, तर मडिकेरीचा रस्ताच असा की मैसूर, हुणसूर, कुशालनगरपर्यंत सगळा सपाट आणि अगदी शेवटी घाट. सपाटीची जोडी घालावी तर पोचता पोचता घाटात बसणार. चढाची घालावी तर एवढा मोठा हमरस्ता किंचाळत, सगळ्या जगाला वाट देत जायचं. राघूअण्णांनी सपाटीची घातली. काढली. चढाची घातली. काढली. लग्न तोंडावर आलं तरी मागचा ॲक्सल उघडाच, आणि दोन्ही जोड्या वर्तमानपत्रावर पसरलेल्या. नंजप्पा माझ्याकडं येऊन हात जोडून म्हणाला, "मेडम, तुम्हीच काहीतरी सांगा त्यांना."

मी तरातरा खाली गेले. राघूअण्णा पाटावर बसून एक एक दात फडक्यानं पुसत होते. आधीच पुसलेले दात.

"राघूअण्णा, लग्न कुणाचं आहे? गाडीचं की भाचीचं?"

"स्वल्प थांबा अक्का, एकदा ठरलं की..."

"अहो काय ठरायचंय त्यात? बस जाते की! मैसूर रोडच्या स्टँडवरनं थोड्या थोड्या वेळानं मडिकेरीची बस सुटते. बसा आणि जावा!"

त्यांचा हात थांबला. नंजप्पा उगीचच पाना शोधायला लांब गेला.

"तेव्हाही जात होती, अक्का," ते म्हणाले.

"कधी?"

"पद्माच्या लग्नाच्या वेळी." ते फडक्याकडंच बघत होते. "तिनं आपलं आपण ठरवलं होतं. मुलगा आपल्यातला नाही. आमच्या लोकांत केवढी बोंब झाली. बाबा म्हणाले, मी जाणार नाही, ज्याला जायचं त्यानं जावं. मला कुणी अडवलं नव्हतं हो. मी नोकरीला लागलेला, घोड्याएवढा. ती माझ्या ऑफिसच्या फाटकाशी आली. म्हणाली, अण्णा, तू तरी ये. माझ्या बाजूनं कुणीच नाही."

"मग?"

"त्याच दिवशी सकाळी बाबांनी मेस्त्रीला बोलावलं होतं. तो बोलताना रेशिओ, रेशिओ म्हणत होता, एवढंच माझ्या कानावर पडलेलं. मला त्यातलं काही कळत नव्हतं. लोकांना भ्यालो होतो मी, दुसरं काय! पण तसं बहिणीला कसं सांगणार? तर म्हणालो, आलो असतो गं, पण गाडीचा रेशिओ सपाटीचा आहे, घाट चढणार नाही."

मला हसू आलं, आणि मी त्यांच्यासमोर खाली बसले.

"आणि त्या काय म्हणाल्या?"

"सरी अण्णा, म्हणाली. आणि गेली." त्यांनी फडकं खाली ठेवलं. "बाबा गेले तेव्हा आली. बसनं आली, बसनंच परत गेली. सकाळ-दुपार इथं होती, पण मी तिच्यासमोर उभा राहू शकलो नाही. शेडमध्ये येऊन बसलो होतो. आता बसनं जाऊन तिच्या दारात उतरू म्हणता? कुठल्या तोंडानं उतरू?"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. एवढा मोठा आवाज चढवून आले होते मी. पण माझा स्वभाव असा की लाज वाटली की मला आणखीच राग येतो, आणि राग आला की मार्ग सुचतो.

"बरं, बसनं नको. चढाची जोडी घाला."

"सपाटीवर किंचाळेल अक्का. बैलगाडीसुद्धा पुढं जाईल. लोक हसतील."

"हसू दे! सपाटीवर हळू गेलात तर लाज वाटेल, एवढंच ना? ती तर तुम्हाला इथं बसूनही वाटतेच आहे. घाटात अडकलात तर पोचणारच नाही. नंजप्पा, चढाची बसवा. आणि राघूअण्णा, वजन पाहिजे असेल तर मी येते."

आमचे हे म्हणाले, रस्त्यात दिसलो तर मला मात्र ओळख दाखवू नकोस.

लग्नाच्या आदल्या दिवशी पहाटे निघालो. काय सांगू तो प्रवास! चांगली इरकल नेसले होते, आणि रामनगर येईपर्यंत तिचा पदर माझ्या नाकापर्यंत आला. मोठ्या रस्त्यावर आम्हाला कोण घेणार, आम्ही आपले बाजूच्या रस्त्यानं. इंजिन असं ओरडत होतं की बोलायचं म्हणजे भांडल्यासारखं. रिक्षा पुढं गेली. दुधाचे कॅन लावलेली मोपेड पुढं गेली. मंड्याच्या अलीकडं उसाचा ट्रॅक्टर मागनं आला आणि त्यानंसुद्धा हॉर्न मारून वाट मागितली! ट्रॅक्टरवाला मान वळवून आमच्याकडं बघत बघत पुढं गेला. राघूअण्णांचे कान लाल झाले होते. पण स्टेअरिंग घट्ट धरून ताठ बसलेले, एकदाही "बदलायला पाहिजे" म्हणाले नाहीत.

कुशालनगर सोडलं आणि चढ लागला. इंजिनाचा आवाज एकदम खाली आला. गाडी अशी काही चढायला लागली की मीच सीटच्या कडेला येऊन बसले. कुठं अडखळणं नाही, गुरगुरणं नाही, कॉफीच्या मळ्यांमधनं वळणामागनं वळण सरळ वर. "राघूअण्णा, चढली हो!" मी टाळी वाजवली. त्यांनी नुसती मान हलवली. जसजसं मडिकेरी जवळ आलं तसतसा त्यांचा चेहरा उतरत गेला.

पद्माताईंच्या घराचा चढ लागला तिथं कोपऱ्यावर त्यांनी गाडी थांबवली. वर अंगणात मांडव घालायचं काम चाललेलं दिसत होतं.

"स्वल्प थंड होऊ दे इंजिन," म्हणाले.

मी बॉनेटवर हात ठेवून बघितला. फार काही तापलं नव्हतं.

"अक्का, तुम्ही पुढं जाऊन सांगता का? सांगा, गाडी आली म्हणून."

मी गेले. केळीचे खांब बांधून घेत एक बाई उभी होती, केस पिकलेले, नाक अगदी राघूअण्णांचं. मी म्हटलं, "मी बंगळूरहून आले. राघूअण्णांची शेजारीण. गाडी आलीय."

त्यांनी हातातली दोरी सोडली. "आणि अण्णा?"

"गाडीतच बसलेत."

"गाडीला मी कधी बोलावलं होतं?" त्या म्हणाल्या, आणि चप्पल घालायलाही न थांबता खाली निघाल्या. मी मागनं धावले.

त्यांनी डावीकडचं दार उघडलं आणि माझ्या जागेवर जाऊन बसल्या. राघूअण्णा समोरच्या काचेकडं बघत होते. दोन्ही हात अजून स्टेअरिंगवर.

"चढली असती गं पद्मा," ते म्हणाले. "तेव्हाही चढली असती."

"माहीत आहे. बाबांनी आपल्याला ह्याच गाडीतनं तलकावेरीला आणलं होतं ना? तू पुढं बसला होतास आणि मी मागं आईच्या मांडीवर. हाच घाट."

राघूअण्णांनी तिच्याकडं वळून बघितलं. "मग त्या दिवशी बोलली का नाहीस?"

"तुला एवढं एक खोटं बोलायला किती कष्ट पडत होते ते मी बघत होते अण्णा. मी काही बोलले असते तर तुला दुसरं बोलावं लागलं असतं."

राघूअण्णांनी स्टेअरिंगवर डोकं टेकलं. खांदे हलत होते. पद्माताईंनी त्यांच्या पाठीवर हात ठेवला आणि तो तसाच राहू दिला. मी पिशवी हातात धरून रस्त्यावर उभी होते आणि कुठं बघावं ते मला कळत नव्हतं.

थोड्या वेळानं त्या म्हणाल्या, "चल, उतर आता. पोरगी सकाळपासनं चार वेळा फाटकापर्यंत येऊन गेलीय. मामा कसा दिसतो ते तिला बघायचंय."